स्वच्छ पाण्यात उपाशी

नितळ पाणी, पुरेसा उजेड आणि हवे तेवढे खाद्य. नुकत्याच अंड्यातून बाहेर पडलेल्या माशाच्या पिल्लाला आणखी काय लागते? कॅलिफोर्नियात बायरन गावाजवळच्या एका मत्स्यबीज केंद्रात डेल्टा स्मेल्ट नावाच्या माशाच्या पिल्लांना हे सगळे देऊन पाहिले होते. पिल्ले जेमतेम पाच-सहा मिलिमीटर लांब आणि जवळजवळ पारदर्शक. डोळ्यांचे दोन काळे ठिपके हलताना दिसले, तरच टाकीत काही जिवंत आहे हे कळते. अंड्यातून मिळालेला बलक पोटाशी असतो तोवर पिल्लाला चिंता नसते. काही दिवसांत तो संपतो आणि मग स्वतः शिकार करावी लागते. त्यासाठी टाकीत रोटिफर सोडतात, म्हणजे साध्या डोळ्यांना धुळीच्या कणासारखे भासणारे जिवंत प्राणी. पिल्ले या कणांमधून पोहत राहायची. मग त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, की पारदर्शक अंगातून आतडे स्पष्ट दिसायचे, आणि बहुतेकांचे आतडे रिकामे असायचे. भोवताली अन्न भरलेले असताना पिल्ले उपाशी राहत होती.

हा मासा काही बाजारातला नाही. बोटभर लांबीचा, पोलादी निळसर झाक असलेला, हातात घेतला तर काकडीसारखा वास येणारा हा मासा जगात एकाच ठिकाणी सापडतो. सॅक्रामेंटो आणि सॅन होकिन या दोन नद्या एकत्र येऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराला मिळतात, ते खाडीमुख आणि त्याच्या वरचा त्रिभुज प्रदेश एवढेच त्याचे जग. आयुष्य बहुधा एका वर्षाचे. मादी हजार-दोन हजार अंडी घालते आणि बहुतेक वेळा तिथेच तिची कहाणी संपते. ज्या माशाची पिढी दरवर्षी पूर्ण बदलते, त्याला एक वाईट वर्षही महागात पडते. १९९३ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने आणि कॅलिफोर्निया राज्याने त्याला संकटग्रस्त ठरवले. निसर्गात तो संपलाच तर निदान वंश राहावा आणि अभ्यासाला जंगली मासे मारावे लागू नयेत, म्हणून डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्याला केंद्रात वाढवायला घेतले. अंडी मिळवणे जमले, ती उबवणेही जमले. घोडे अडले ते पिल्लांच्या पहिल्या घासापाशी.

ब्रॅड बास्करव्हिल-ब्रिजेस, जोन लिंडबर्ग आणि सर्ज डोरोशॉव या तिघांनी या घासाचाच पद्धतशीर तपास केला. उजेड कमी-जास्त करून पाहिला, खाद्याची दाटी बदलून पाहिली आणि तिसरी गोष्ट म्हणून पाण्यात सूक्ष्म हिरवे शेवाळ मिसळून ते कमी-अधिक गढूळ करून पाहिले. मग प्रत्येक टाकीतली किती पिल्ले जेवली, हे आतडी तपासून मोजले. काळोखात पिल्ले खात नव्हती, यात नवल नाही. डोळ्यांनी शिकार करणाऱ्या जिवाला उजेड लागणारच. पण भरपूर उजेड असूनही शेवाळ नसलेल्या स्वच्छ पाण्यात खाणारी पिल्ले फार थोडी निघाली. त्याच पाण्यात शेवाळ मिसळून त्याला हिरवट धुरकटपणा आणला, की पिल्ले रोटिफर टिपू लागली. २००४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गढूळपणा या पिल्लांना नुसता सोसवत नव्हता, तो नसेल तर त्यांना जेवताच येत नव्हते.

असे का व्हावे? संभाव्य उत्तर असे. पिल्लाची नजर काही मिलिमीटरांपलीकडे पोहोचत नाही आणि त्याचे भक्ष्यही त्याच्याइतकेच पारदर्शक असते. नितळ पाण्यात प्रकाश सरळ निघून जातो, मग पारदर्शक रोटिफरची कड उठून दिसणार कशाच्या आधाराने? पाण्यात बारीक कण तरंगत असले, की प्रकाश सगळीकडून विखुरतो. दूरचे सगळे एका सपाट, मंद पडद्यात विरून जाते आणि अगदी नाकासमोरचा रोटिफर त्या पडद्यावर उमटतो. दूरचे पाहणाऱ्या मोठ्या माशाला गढूळ पाणी आंधळे करते. ज्याला जवळचेच पाहायचे आहे, त्याला तेच पाणी दृष्टी देते. मला या सगळ्या कथेतला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो. आपण ‘घाण पाणी’ म्हणतो तेव्हा ते कुणाच्या डोळ्यांनी पाहतो, हा प्रश्न तो आपल्यापुढे ठेवतो.

केंद्राची अडचण सुटली. टाक्यांत शेवाळ मिसळण्याचा प्रघात पडला, पिल्ले जगू लागली, बोटुकली होऊ लागली. पण टाकीतल्या या उत्तराने बाहेरच्या पाण्याबद्दल एक मोठा प्रश्न उभा केला. पिल्लांना गढूळ पाणी लागत असेल, तर त्यांच्या नदीतले पाणी कसे आहे?

त्याची नोंद तयार होती. राज्याचा मत्स्यविभाग १९६७ पासून शरद ऋतूत या खाडीत ठरलेल्या ठिकाणी जाळी ओढतो. प्रत्येक ठिकाणी बोटीच्या कडेवरून दोरीला बांधलेली एक गोल चकती पाण्यात सोडतात आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहून घेतात. एकोणिसाव्या शतकातल्या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञ सेकी यांच्या नावाने ही चकती ओळखली जाते. उपकरण एवढे साधे, की त्यात बिघडण्यासारखे काही नाही. फ्रेडरिक फेयरर, मॅट नोब्रिगा आणि टेड सोमर यांनी दशकांच्या नोंदी एकत्र मांडल्या आणि २००७ मध्ये लिहिले, की शरदात डेल्टा स्मेल्ट कुठे सापडेल हे मुख्यतः दोन गोष्टींवरून सांगता येते. चकती किती लवकर दिसेनाशी होते आणि पाणी किती खारट आहे. म्हणजे गढूळपणा आणि खारेपणा. या दोन्हींचे योग्य प्रमाण जिथे जुळते, ती जागा वर्षानुवर्षे आक्रसत चालली होती.

पाणी नितळ होत होते, यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले. १८५०च्या दशकापासून खाणवाल्यांनी तोफेसारख्या नळ्यांतून पाण्याचे झोत सोडून सिएरा नेवाडाचे डोंगरच्या डोंगर धुऊन काढले. तो सगळा गाळ नद्यांत उतरला, पात्रे उथळ झाली, पूर शेतांत घुसले. शेतकरी न्यायालयात गेले आणि जानेवारी १८८४ मध्ये न्यायमूर्ती लोरेन्झो सॉयर यांनी हा गाळ नदीत सोडण्यास बंदी घातली. तोवर उतरलेला गाळ मात्र खाडीच्या तळाशी साठून राहिला आणि वाऱ्या-भरतीबरोबर पुढे शंभर वर्षे उसळत राहिला. दरम्यान शास्तापासून ओरोव्हिलपर्यंत मोठी धरणे झाली आणि डोंगरातून येणारा नवा गाळ भिंतींमागे अडला. स्कॉट राइट आणि डेव्हिड शोएलहॅमर यांच्या हिशेबाप्रमाणे १९५७ ते २००१ या काळात सॅक्रामेंटो नदीने वाहून आणलेला तरंगता गाळ जवळपास निम्मा झाला. त्याच काळात, १९९९ च्या सुमारास, खाडीतले पाणी एकाएकी निवळले. शोएलहॅमर यांच्या मोजणीत सॅन फ्रान्सिस्को उपसागरातल्या तरंगत्या गाळाचे प्रमाण आधीच्या वर्षांच्या तुलनेत ३६ टक्क्यांनी घसरले होते. त्यांच्या मते तळाशी साठलेला सहज उसळणारा गाळ एकदाचा संपला होता. त्यात परदेशी पाणवनस्पतींची जाळी पसरली आणि उरलेला गाळ त्यांच्या पानाखोडांत अडकून तळाला बसू लागला.

स्मेल्ट इथे सोन्याच्या शोधाच्या कितीतरी आधीपासून राहत होता, म्हणजे खाणींचा गाळ त्याच्यासाठी अत्यावश्यक होता असे म्हणता येणार नाही. पण पुराबरोबर येणारा नद्यांचा गाळ त्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा होता. धरणांनी अडवला तो हाच.

आता मीठ. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात. स्मेल्टची बरीचशी पिल्ले वाढतात त्या मचूळ पाण्यात जेमतेम एक ते सहा. इथले अभ्यासक नदीच्या तळाजवळचा खारेपणा हजारात दोन होतो ती जागा शोधतात, उपसागराच्या समुद्राकडच्या तोंडापासून, म्हणजे गोल्डन गेटपासून, तिचे अंतर किलोमीटरमध्ये मोजतात आणि त्या आकड्याला ‘एक्स-२’ म्हणतात. नदीला पाणी जास्त असेल तर मीठ समुद्राकडे ढकलले जाते आणि आकडा लहान होतो. धरणे आणि पंप पाणी काढून घेतात तेव्हा मीठ आत शिरते आणि आकडा वाढतो.

खारेपणा आणि गढूळपणा यांची गाठ इथे पडते. आकडा लहान असतो तेव्हा हे मचूळ पाणी सुइसन उपसागरात पसरते. तो उथळ आणि रुंद आहे, दुपारचा वारा सुटला की तळाचा चिखल ढवळतो आणि पाणी आपोआप गढूळ राहते. आकडा वाढला की तेच मचूळ पाणी वरच्या अरुंद, खोल कालव्यांत सरकते. तिथे वाऱ्याला चिखल ढवळता येत नाही. पिल्लाला योग्य खारेपणा मिळतो, पण तिथले पाणी नितळ आणि काठाला पाणवनस्पतींत लपलेले शिकारी मासे. २००८ मध्ये केंद्र सरकारच्या वन्यजीव विभागाने अट घातली, की ओल्या वर्षांत शरद ऋतूत हा आकडा ७४ किलोमीटरच्या आत ठेवावा. मचूळ पाणी सुइसनमध्येच राहावे, हा तिचा हेतू होता.

मग माशावर नेमका ताण कशाचा येतो, चिखलाचा की मिठाचा? हे निसर्गात उलगडणे अवघड, कारण तिथे सगळेच एकदम बदलते. केंद्रात वाढवलेल्या माशांमुळे ते शक्य झाले. मथियास हासेनबाइन, लिसा कोमोरोस्के, रिचर्ड कॉनन, नॅन फँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोसलेली पिल्ले वेगवेगळ्या गढूळपणाच्या आणि खारेपणाच्या पाण्यात ठेवली, ती किती खातात हे मोजले आणि त्यांच्या पेशींत ताणाशी निगडित जनुके किती जागी होतात हेही तपासले. २०१३ मधले त्यांचे निष्कर्ष वाचताना एक गोष्ट लक्षात येते. गढूळपणाला वरची मर्यादाही आहे. गढूळपणा मोजण्याचे एकक एनटीयू. साधारण १२ ते १२० एनटीयूपर्यंत पिल्ले खात राहिली, २५० एनटीयूला त्यांचे खाणे एकदम घसरले. या प्रयोगातला खारेपणा बदलल्याने त्यांच्या खाण्यात म्हणावा तसा फरक पडला नाही.

मिठाचा परिणाम दुसरीकडे दिसला. कोमोरोस्के आणि सहकाऱ्यांनी पुढे मासे आणखी खाऱ्या पाण्यात ठेवले. समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यातही बरेचसे मासे जगले. नुसते मेलेले मासे मोजणाऱ्याने ‘चालते’ असा शेरा दिला असता. पण कल्ल्यांतल्या पेशी आत शिरणारे मीठ बाहेर फेकण्यासाठी अहोरात्र राबत होत्या, आणि त्याची खूण जनुकांच्या हालचालींत उमटली होती. या श्रमात खर्च झालेली ऊर्जा वाढीला आणि अंड्यांना मिळत नाही. एका वर्षाच्या आयुष्यात ती परत कमवायला सवडही नसते. माशाला पाणी मानवते की नाही हे जगण्या-मरण्यावरून ठरवू नये, हा या प्रयोगाचा धडा आपल्या कोळंबी-तळ्यांच्या मालकांनाही उपयोगी आहे.

शत्रूंच्या बाजूनेही तपास झाला. मॉड फेरारी आणि सहकाऱ्यांनी केंद्रात वाढलेले स्मेल्ट आणि बाहेरून आणून सोडलेला लार्जमाउथ बास हा शिकारी मासा एकत्र ठेवून पाहिले. गढूळ पाण्यात बासच्या तावडीतून वाचणारे स्मेल्ट जास्त होते. म्हणजे चिखल या माशाला लहानपणी जेवू घालतो आणि मोठेपणी लपवतो.

तो त्याला वाटही दाखवतो. हिवाळ्यातल्या पहिल्या मोठ्या पावसाने नद्यांना गढूळ लोंढा येतो आणि अंडी घालायला निघालेले स्मेल्ट त्याच सुमारास वर गोड्या पाण्याकडे सरकतात. बिल बेनेट आणि जॉन बुराऊ यांनी दाखवले, की हे दुबळे पोहणारे मासे भरतीच्या वेळी प्रवाहाच्या मध्ये येतात आणि पाण्याबरोबर वर जातात, ओहोटी लागली की काठाला सरकून थांबतात. कोकणात मृगाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर ओढ्या-शेतांत चढणारे चढणीचे मासे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे सांगावे लागणार नाही. पण कॅलिफोर्नियाच्या त्रिभुजात या वाटेवर एक अडथळा आहे. दक्षिण टोकाला केंद्र सरकारचे आणि राज्याचे प्रचंड पंप आहेत. ते इतके पाणी खेचतात, की जवळचे कालवे कधी कधी उलटे वाहू लागतात. गढूळ पाणी पंपांकडे ओढले गेले, की त्यामागून मासेही तिकडे जातात. म्हणून हिवाळ्यात ठरावीक ठाण्यांवरचा गढूळपणा १२ एनटीयूच्या वर गेला, की पंप आवरते घ्यायचे असा नियम झाला. बायरनचे मत्स्यबीज केंद्र या पंपांच्या अगदी शेजारी, राज्याच्या मासे वाचवण्याच्या आवारातच आहे. मासा वाचवणारे आणि माशाला मोठा धोका असलेले, दोघे एकमेकांच्या दृष्टिपथात.

हे पाणी जाते कुठे? दक्षिण कॅलिफोर्नियातल्या शहरांना, सॅन होकिन खोऱ्यातल्या शेतांना आणि बागांना. आपल्याकडे दिवाळीच्या फराळात पडणारे कॅलिफोर्नियाचे बदाम या खोऱ्यातही पिकतात. सॅन होजे आणि फ्रीमाँट भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या नळालाही याच त्रिभुजातले काही पाणी येते. त्यामुळे २००७ मध्ये न्यायमूर्ती ऑलिव्हर वँगर यांनी या माशासाठी पंपांवर मर्यादा घातल्या, तेव्हा बोटभर माशासाठी शेतकऱ्याचे पाणी तोडले म्हणून गदारोळ उठला. शेतकऱ्याची अडचण खरी आहे. पण मासा हा वादाचा पक्षकार नसतो. खाडीचे काय चालले आहे, हे तो फक्त सर्वांआधी सांगतो. त्याच्याबरोबर तिथले इतरही मासे घसरणीला लागले आहेत.

शरदातल्या जाळ्यांवरून काढलेला निर्देशांक २०११ च्या ओल्या वर्षात ३४३ वर गेला होता. २०१७ मध्ये तो २ झाला, २०१८ मध्ये शून्य. पुढच्या वर्षांतही शून्यच. शून्य म्हणजे शेवटचा मासा संपला असे नाही. पण जे जाळे पन्नास वर्षे त्याला पकडत आले, त्याला तो आता सापडेनासा झाला.

तेव्हापासून केंद्रातल्या टाक्यांना वेगळेच महत्त्व आले. २००८ पासून तिथे या माशाचा राखीव साठा सांभाळला जातो. प्रत्येक जोडीदार निवडण्याआधी माशाच्या पराचा बारीक तुकडा काढून जनुकीय तपासणी होते आणि नात्यातल्या माशांची जोडी टाळली जाते. तरीही २०१८ मध्ये मँडी फिंगर आणि सहकाऱ्यांनी एक चिंतेची गोष्ट पुढे आणली. नऊ पिढ्यांनंतर, ज्या माशांच्या वंशावळीत केंद्रात जन्मलेले पूर्वज जास्त, त्यांची पिल्ले केंद्रात जास्त यशस्वी ठरत होती. म्हणजे मासा हळूहळू टाकीचा होत होता. पूर्वी दरवर्षी काही जंगली मासे आणून नवे रक्त मिसळता येत असे, पण जंगली मासेच मिळेनासे झाले.

मग सोडून पाहण्यावाचून मार्ग उरला नाही. २०१९ मध्ये आधी पिंजऱ्यांत ठेवून केंद्रातले मासे नदीत तगतात का हे पाहिले. ते तगले. डिसेंबर २०२१ मध्ये रिओ व्हिस्टाजवळ सॅक्रामेंटो नदीत १२,८०० मासे खूण करून सोडले, आणि पुढच्या हिवाळ्यांतही हे काम चालू राहिले. सोडलेल्यांपैकी काही पुन्हा जाळ्यात सापडले, म्हणजे ते जगत होते.

माझे मत स्पष्ट आहे. मत्स्यबीज केंद्राने या माशाचे प्राण वाचवले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याला काय हवे हे आपल्याला दाखवले. पण हिरवट धुरकट टाकीत वाढलेला मासा नितळ, मीठ शिरलेल्या कालव्यात सोडून त्याचा वंश टिकणार नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये सुइसनच्या दलदलीतले क्षारनियंत्रक दरवाजे खास या माशासाठी चालवून तिथला खारेपणा कमी केला गेला, म्हणजे मीठ आवरणे माणसाच्या हातात आहे. धरणांमागे अडलेला गाळ खाली आणणे त्याहून अवघड आणि खर्चाचे आहे. पण ते केल्याशिवाय बायरनच्या टाक्यांत दरवर्षी नवी पिल्ले वाढवत राहणे, एवढेच आपल्या हाती उरेल.